खस्ता खाल्ला की खस्ता खाल्ल्या?

वेंगुर्ल्याकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या आजीला जाऊन वर्ष होतंय. वर्षश्राद्धाला जमणाऱ्या माणसांना द्यायला नातवंडांनी मिळून तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय. तीत ताईंनी लिहिलं, 'आजीने आम्हा सगळ्यांसाठी खूप खस्ता खाल्ला.' मावशीने त्यातला 'ला' खोडून 'ल्या' केला. मुंबईत वाढलेला भाऊ म्हणाला, खस्ता तर कचोरी असते, ती आजीच्या पुस्तिकेत कशाला? आणि ताईंची स्वतःची शंका वेगळीच: आमच्याकडे बोलताना हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो, मग इथे तो शोभेल का?

मावशी बरोबर. भाऊ चुकलाय, पण छान चुकलाय. ताईंची शंका मात्र तिन्हींत वजनदार आहे, ती शेवटी घेतो.

आधी मावशीचं लाल पेन. 'खस्ता' हे स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. वाट-वाटा, जीभ-जिभा, तसं खस्त-खस्ता. एकवचनी 'खस्त' आता बोलण्यात राहिलेलं नाही, त्यामुळे हे अनेकवचन आहे याचाच विसर पडलाय. शेवटचा 'आ' दिसला की आपण त्याला रस्ता, हप्ता, बस्ता यांच्या ओळीत नेऊन बसवतो आणि 'खस्ता खाल्ला' करून मोकळे होतो. पण 'किती खस्ता खाल्ल्या तिने' हे कानाला लगेच पटतं आणि 'केवढा खस्ता खाल्ला' अडखळतं. कान इथे व्याकरणाच्या पुढे आहे.

जाता जाता एक गोष्ट लक्षात आणून देतो. मराठीत सोसण्याचे शब्द एकेकटे फारसे येतच नाहीत. कळा, यातना, हालअपेष्टा, खस्ता हे सगळे घोळक्याने. पुल्लिंगात गेलात तरी तेच: हाल, कष्ट, टक्केटोणपे. 'तिने एक कष्ट केला' असं म्हणून बघा. 'त्रास' मात्र एकवचनी राहिलाय, आणि म्हणूनच की काय तो डासांपासून सुनेपर्यंत कुणाचाही होऊ शकतो.

आता भावाची कचोरी. शब्द मूळ फारसी. 'खस्ता', इराणी उच्चारात 'खस्ते', म्हणजे जखमी, घायाळ, मोडलेला. आजच्या इराणमध्ये त्याचा रोजचा अर्थ 'थकलेला' असा झालाय. काम करत असलेल्या माणसाला तिथे 'खस्ते नबाशी' म्हणायची रीत आहे. शब्दशः, तू थकलेला नसावास. रस्ता झाडणाऱ्याला म्हणतात, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला म्हणतात. आपल्याकडे भर उन्हात कवळं, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांचे भारे, बांधणाऱ्या बाईला जाणारा-येणारा फार तर 'झाला काय गो?' एवढंच विचारतो.

उर्दू-हिंदीत या शब्दाच्या दोन वाटा झाल्या. एकीवर 'खस्ताहाल' माणूस, म्हणजे परिस्थितीने मोडलेला. दुसरीवर कचोरी, बोट लावताच मोडते म्हणून खस्ता. आपण तिला खुसखुशीत म्हणू. तेव्हा भावाला सांगा, कचोरी आणि आजीच्या खस्ता एकाच घरातल्या, फक्त कचोरी हिंदीकडून आली, तीही बरीच अलीकडे आणि मिठाईच्या दुकानातून.

मराठीत हा शब्द आला तो लढाईवरून. जुन्या पत्रांच्या, बखरींच्या भाषेत फौज 'खस्त' होते, म्हणजे मारली-मोडली जाते. तिथून तो घरात शिरला आणि आज शंभरातल्या नव्वद वेळा आईसाठी वापरला जातो. बापासाठीही चालतो, पण 'बापाने खस्ता खाल्ल्या' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात येतं, आई नव्हती का? हे कोशात सापडायचं नाही, वापरणाऱ्यांनीच ठरवलेलं आहे.

आणि 'खाल्ल्या' का? सोसण्याला खाणं म्हणायची फारसीला सवयच आहे. तिथे माणूस दुःख 'खातो'. आपलं 'जरा गम खा' तिथूनच आलं, फक्त आपण दुःखाचा धीर करून टाकला. पण मराठीला ही सवय कुणी शिकवायची गरज नव्हती. मार खाणं, शिव्या खाणं, गोते खाणं, कच खाणं, हे सगळं आपण जेवल्यासारखं बोलतो. त्यातलं मला सगळ्यात बोचणारं वाटतं ते 'हाय खाणं'. होडी परत आली नाही आणि म्हातारीने हाय खाल्ली, असं किनाऱ्यावरच्या गावात एखाद्या घराबद्दल अजून सांगतात. त्या म्हातारीचं पुढे काय झालं ते विचारावं लागत नाही.

फारसी म्हणून कुणी नाक मुरडलं, तर लक्ष देऊ नका. भाषाशुद्धीची चळवळ सावरकरांनी चालवली ती याच किनाऱ्यावरून, रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, म्हणजे १९२४ ते १९३७ या काळात. त्यातले दिनांक, महापौर, चित्रपट हे शब्द आपण आनंदाने वापरतो. पण आजीबद्दल लिहिताना 'हाल' आणि 'मेहनत' हे अरबी म्हणून काढायचे, 'खस्ता' फारसी म्हणून काढायची, मग हाती राहतात कष्ट आणि श्रम. 'श्रम' तर सरकारी योजनेच्या फलकावरचा वाटतो. दुसरीकडे 'आजी' हा शब्दच संस्कृत 'आर्यिका'पासून प्राकृत 'अज्जिआ'वरून चालत आलेला, 'माहेर' हे 'मातृगृह'. घरात सगळेच असतात.

वापरताना एक जपायला हवं. खस्ता नेहमी कुणासाठी तरी खाल्लेल्या असतात. 'मुलांसाठी', 'संसारासाठी' हे शेजारी नसलं तर वाक्य लंगडतं. नोकरीत बढती मिळावी म्हणून कुणी खस्ता खात नाही, तिथे तो कष्ट करतो. त्यामुळे शब्दात आपोआप ऋण येतं. आईच्या स्वतःच्या तोंडी तो बहुधा भांडणात येतो: 'तुझ्यासाठी एवढ्या खस्ता खाल्ल्या आणि आता…' पुढचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याने, तेही ती गेल्यावर म्हटलं, की तोच शब्द कृतज्ञतेचा होतो. म्हणून पुस्तिकेत तो चालेल. पण एकदाच. मी अशा दोन-तीन पुस्तिका वाचल्यात. पहिल्या पानावर खस्ता, दुसऱ्यावर अपार कष्ट, तिसऱ्यावर हाडांची काडं, चौथ्यावर चंदनासारखी झिजली. पुस्तिका संपते तरी आजी कुठल्या हाताने भाकरी थापायची तेही कळत नाही.

मुखपृष्ठावर 'कै. गं. भा.' घालावं का, असंही ताईंनी विचारलंय. थोडक्यात सांगतो. 'कै.' म्हणजे कैलासवासी, ते हवं तर घाला. घराण्यात वारी असेल तर 'वै.', वैकुंठवासी. 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी. हे दिसायला पवित्र असलं तरी माहिती एकच देतं, नवरा आधी गेला. एप्रिल २०२३मध्ये 'विधवा' या शब्दाऐवजी सरकारी कामात हेच वापरावं अशी सूचना राज्याच्या मंत्र्यांकडून पुढे आली, तेव्हा बायकांनीच तिच्यावर टीका केली. आदल्याच वर्षी, मे २०२२मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि सरकारने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला होता. माझं मत विचाराल तर नुसतं नाव छापा, आणि खाली घरात तिला जी हाक मारायचे ती.

आता ताईंची शंका. खरंच, मालवणी बोलणाऱ्या घरात 'खस्ता' क्वचित ऐकू येते. तो शब्द शाळेतून, वर्तमानपत्रातून आला. आपल्याकडचा शब्द आहे 'दिस काडणं'. 'आवशीन दिस काडल्यान', म्हणजे आईने दिवस काढले, एवढ्यात सगळं आलं. प्रमाण मराठीतही 'दिवस काढले' आहे, पण तिथे त्याचा अर्थ कसेबसे ढकलले असा होतो. इकडे 'काडल्यान'मध्ये विहिरीतून पाणी काढल्याची ताकद आहे. एकेक दिवस ओढून वर आणलेला. 'कष्ट उपसणं' हीसुद्धा विहिरीचीच भाषा, हे लक्षात घ्या.

माझी आजी तुमच्यापासून फार लांबची नाही, मालवण तालुक्यातली. आजोबा मुंबईला गिरणीत. महिन्याची मनिऑर्डर आणि गणपतीला चार दिवस, एवढाच नवरा तिच्या वाट्याला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मनिऑर्डर आटली आणि पुढच्या वर्षी आजोबाच ट्रंक घेऊन परत आले. त्या उन्हाळ्यापासून ती दुसऱ्यांचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, अर्धेलीने, निम्म्या वाट्यावर, फोडायला लागली. रातांबा दोन्ही हातांनी दाबून उकलायचा, गर-बिया एकीकडे, सालं दुसरीकडे. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून खळ्यात उन्हाला, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात, असं काही दिवस, आणि सगळा वेळ डोळे पावसाकडे. जूनपर्यंत तिची बोटं काळपट लाल असायची. बियाही फुकट जात नसत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारं तेल निवलं की हाताने त्याचे गोळे वळायचे. ते भिरंडेल.

लावणीच्या दिवसांत रात्री ती चुलीपाशी बसून तो गोळा निखाऱ्यावर जरा धरायची आणि वितळलेलं भिरंडेल टाचांच्या भेगांत सोडायची. दिवसभर चिखलात उभी राहिलेली टाच. भेगा एवढ्या की त्यात तांदळाचा दाणा अडकावा. सोडताना दात आवळून 'स्स्' करायची, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की लुगडं पावलांवर ओढून घ्यायची. खस्ताचा फारसी अर्थ मला पुढे कॉलेजात कळला. जखमी. तेव्हा डोळ्यांपुढे फौजा आल्या नाहीत, त्या टाचा आल्या.

तेव्हा ताई, वाक्य मावशी म्हणते तसंच ठेवा: 'आजीने आम्हा सगळ्यांसाठी खूप खस्ता खाल्ल्या.' आणि त्याच्या खाली तुमच्या आजीच्या टाचा, नाहीतर तिचं जे काही असेल ते, चार ओळींत लिहा. मावशीला विचारा, तिला नक्की काहीतरी ठाऊक असेल. आणखी एक. ती स्वतः त्या दिवसांबद्दल कधी काही बोलली असेल, तर ते तिच्या बोलीतच छापा. माझ्या आजीला मी एकदा विचारलं होतं, संपाच्या वेळी तू सगळं कसं केलंस? ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, 'काडले दिस. आणि काय?' आणि सूप पुन्हा हलवायला लागली. मुद्रितशोधक याचं 'काढले दिवस' करील. करू देऊ नका.