ठाण्याहून लोकलने येऊन आईला खारघरच्या सेंट्रल पार्कला मेट्रोने न्यायचं तर कुठे उतरावं?

सीबीडी बेलापूरला उतरा. पनवेल लोकल थेट येते. खारघर स्टेशनला उतरू नका, तिथे मेट्रो नाही; पुन्हा रिक्षा आलीच.

बेलापूर टर्मिनल हे मेट्रोचं पहिलं स्टेशन, त्यामुळे आईला बसायला जागा मिळायची शक्यता जास्त. जिन्याने नेऊ नका, लिफ्ट आहे. पेंधरची गाडी पकडा, सेंट्रल पार्क सातवं स्टेशन. गाडी तीनच डब्यांची असते, फलाटाच्या मधोमध उभे राहा.

१७ नोव्हेंबर २०२३ला सुरू झालेला हा ११ किलोमीटरचा मार्ग मला फार आवडतो. खिडकीशी बसवा आईला. पावसाळ्यात खारघरचे डोंगर हिरवेगार दिसतात, माझी आई तर उतरायलाच तयार नव्हती.