वाचकांचे प्रश्न : गळ टाकण्याआधी ढिवर मोहल्ल्यात

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात मी रत्नागिरीला मामेभावाकडे गेलो होतो. तिथं रविवारी दहा-बाराजण गळ घेऊन जेटीवर, कातळावर बसत. त्यांचं मंडळ आहे, वर्गणी आहे, भरती-ओहोटी पाहून ठरवलेलं वर्षाचं वेळापत्रक आहे. आमच्या गावच्या मालगुजारी तलावावर असंच मंडळ काढायचं आम्हा आठ मित्रांच्या मनात आहे. दोघांनी रॉड मागवलेसुद्धा. वर्षभर मंडळ चालवायचं कसं? समुद्रावरचं वेळापत्रक इथं चालेल का?
– एक वाचक, लाखांदूर तालुका

उत्तर : भाऊ, रॉड आले ते बरं झालं, पण अजून पाण्यात टाकू नका. पहिलं काम गळाचं नाही. एका संध्याकाळी गावातल्या ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीत, जा, मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांच्या ओसरीवर बसा आणि परवानगी मागा. रिकाम्या हातानं आणि मोकळ्या वेळेनं जा, कारण उत्तर पहिल्या दिवशी मिळणार नाही.

हे मी ऐकून सांगत नाही. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. २०११ साली आम्ही सहाजणांनी मंडळ सुरू केलं. त्यात दोन शिक्षक, एक पोस्टमन, एक किराणा दुकानदार, एक शेतकरी आणि नहरीवर (कालव्यावर) नोकरी करणारा मी. तलाव गावाचा म्हणजे आपलाच, अशी आमची समजूत. कोणालाही न विचारता ऑक्टोबरात सकाळी सकाळी पारेवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन बसलो. तिसऱ्या रविवारी आमच्यातल्या एकाचा गळ तुटून सोसायटीच्या जाळ्यात अडकून राहिला. दुसऱ्या दिवशी जाळ्यातून मासे सोडवताना तो एका बाईच्या तळव्यात रुतला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिनं हात पुढे करून एवढंच विचारलं, "बाबूजी, आता धान कापाले माझ्या बदली कोन जाईल जी?" कापणीचे दिवस होते. त्या हातानं विळा धरता येणार नव्हता. औषधाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे आम्ही दिले, पण त्या प्रश्नाचं ओझं माझ्यावरून अजून उतरलेलं नाही. मंडळ आम्ही त्याच दिवशी बंद केलं. पुन्हा सुरू झालं ते जानेवारीत, सोसायटीनं घातलेल्या अटींवर.

तलाव कोणाचा, हे नीट समजून घ्या. आपल्या झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, हे तलाव कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी खोदले. ते धानासाठी होते, आणि त्यांतली मासळी, शिंगाडे ढिवरांचा आधार झाले. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. आता मासळीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था ठेक्याचे पैसे भरते, बियाणं (बोटाएवढी पिल्लं, म्हणजे बोटुकली) विकत आणून सोडते, राखण करते. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला रोहू कोणीतरी पैसे देऊन पाण्यात सोडलेला असतो. रत्नागिरीच्या कातळावर बसणाऱ्यासमोर हा प्रश्न असा येत नाही. तिथला मासा कोणी बोटुकली आणून सोडलेला नसतो. आपल्या तलावातला सोडलेला असतो. दोन्हीकडच्या मंडळांत मला दिसणारा सगळ्यात मोठा फरक हाच.

आमच्या अटी सांगतो. तुमच्या वेगळ्या ठरतील, तशा ठरू द्या. वडाच्या झाडापासून तुडुमापर्यंतच्या (पाणी सोडायच्या दारापर्यंतच्या) पारेवरच बसायचं. शिंगाड्याच्या वेलांत गळ टाकायचा नाही, कारण ते पीक आहे. फक्त रविवारी, उजाडल्यापासून दहापर्यंत. माणशी एक दांडी. अर्ध्या किलोच्या आतला मासा परत पाण्यात. घरी न्यायचा मासा सोसायटीच्या काट्यावर वजन करून, त्यांच्या भावानं पैसे देऊन न्यायचा. वर्गणी वर्षाला पाचशे रुपये, त्यातले तीनशे बोटुकलीसाठी सोसायटीला. पहिल्यांदा आमच्यातल्या दोघांना हे फार वाटलं आणि ते सोडून गेले. त्यांतला एक तीन वर्षांनी परत आला.

आता वेळापत्रक. समुद्रावरचं मंडळ चंद्राकडे पाहून चालतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते. तलावाला यातलं काही लागू नाही. आपली भरती सलंगावरून, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या सांडव्यावरून, पाणी जातं तेव्हा आणि ओहोटी तुडूम उघडतं तेव्हा. म्हणून कॅलेंडरवर तिथ्यांपेक्षा नक्षत्रं, धानाची कामं आणि सोसायटीचे दिवस लिहून ठेवा.

आमचं वर्ष मृगापासून सुरू होतं आणि ते सुरूच बंदीनं होतं. मृगापासून पोळ्यापर्यंत गळ पाण्यात नाही. पहिल्या मोठ्या पावसात सलंगावरून पाणी उतरू लागलं की मासे उलट्या धारेवर चढायला धडपडतात. गावातली पोरं काठ्या, टोपल्या घेऊन धावतात. आपल्या मंडळातल्या माणसानं तिथं दिसू नये. रोहू, कतला, मृगळ यांना अंडी द्यायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणूनच तर बोटुकली आणावी लागते. ती सोडायचे दिवसही हेच, आणि बोटाएवढं पिल्लू कणकेच्या गोळीवर सगळ्यात आधी झडप घालतं. मरळीचं वेगळं. ती तलावातच विते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा खदखदताना दिसला की खाली आईबाप आहेत असं समजा. तिथं आमिष टाकलं तर मरळ भुकेनं नाही, रागानं धरते. ती गेली की थवा इतर माशांच्या तोंडी. समुद्रावरही यंत्रावरच्या होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. मग आपण हौसेची माणसं, आपण तीन महिने थांबायला काय हरकत आहे?

या तीन महिन्यांत मंडळ झोपत नाही. बोटुकलीची गाडी येते तेव्हा आम्ही सगळे पारेवर हजर असतो. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पंधरा-वीस मिनिटं तलावाच्या पाण्यावर तशाच तरंगत ठेवायच्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग तोंड सोडून थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं आणि पिल्लं आपणहून बाहेर पडू द्यायची. घाईनं ओतली तर बरीच दगावतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पिशवी धरताना जो आनंद होतो तो मला गळाला पाच किलोचा कतला लागल्यावरही झालेला नाही. सोसायटीशी आमचं नातं जुळलं ते वर्गणीनं नाही, या पिशव्यांनी.

पोळ्यानंतर गळ निघतात, पण सप्टेंबरात पाणी गढूळ असतं, फार काही लागत नाही. नव्या सभासदांना गाठी मारायला, दांडी फेकायला शिकवायचा हा महिना. खरा हंगाम ऑक्टोबरात. शेवटच्या पाण्यासाठी तुडूम उघडलं की तिकडे ओढ लागते, आणि ओढीबरोबर वाहत येणारं खायला मासे गोळा होतात. तुडूम कोणत्या दिवशी उघडणार ते पाणी वापर संस्थेला विचारून ठेवा. मी नोकरीत होतो तेव्हा ही माहिती माझ्याच हाती असायची, आता मलाही विचारावी लागते. नोव्हेंबरात कापणी, चुरणी (मळणी) आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा. सभासद येत नाहीत, त्यांना बोलावूही नका. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड असतं, मासा सुस्तावतो. पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, म्हणून या दोन महिन्यांपुरती सोसायटीनं आम्हाला दुपारची वेळ दिली आहे. पाहुणे पक्षी आलेले असतात, त्यांच्यापासून लांब बसा. तंगुसाचा (गळाच्या नायलॉन दोऱ्याचा) वीतभर तुकडाही काठावर राहू देऊ नका, पक्ष्याच्या पायाला गुंडाळला की तो पाय जातो. आमच्याकडे प्रत्येकाच्या पिशवीत तुटक्या तंगुसासाठी झाकणाचा डबा असतो आणि निघताना तो सगळ्यांसमोर उघडून दाखवावा लागतो. आमच्या जिल्ह्यात सारस उरले आहेत, त्यामुळे या डब्याबाबत मी कोणाची गय करत नाही.

फेब्रुवारीत पाणी कोमट होऊ लागतं आणि मासा पुन्हा खायला लागतो. तो महिना मनसोक्त बसा. होळीला गळ धुऊन, तेल लावून ठेवून द्या. पाणी उतरतं, सोसायटी मोठं जाळं ओढते, वर्षाचं उत्पन्न त्यांना याच दिवसांत काढायचं असतं. एप्रिल-मे मध्ये उरलेल्या डबक्यात प्राणवायू कमी, ऊन पंचेचाळीसच्या घरात. अशा पाण्यातला मासा गळावरून सोडून दिला तरी बहुधा जगत नाही. या दिवसांत आम्ही दर रविवारी दोन तास बेशरम, म्हणजे तलावात माजणारं झुडूप, उपटतो. मुळासकट काढून पारेच्या बाहेर वाळवायची. कापून पाण्यात टाकली तर तिचा तुकडान्‌तुकडा पुन्हा रुजतो.

हिशेब केलात तर गळ पाण्यात असतो जेमतेम साडेपाच महिने. आठ मित्रांना हे आधीच सांगा.

स्पर्धेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. २०१४ साली मंडईच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यात जड माशाला बक्षीस ठेवलं. वजन होईपर्यंत मासे टपात ठेवले होते. चौदा मेले. सगळ्यात मोठी रोहूची मादी होती, तीही गेली. त्यानंतर वजनाची स्पर्धा नाही. आता वर्षभर नोंदवही ज्यानं नीट लिहिली त्याचा सत्कार होतो: तारीख, पाण्याची पातळी, आमिष, मासा, सोडला की नेला. त्या वहीवरून सोसायटीनं दोन वर्षांपूर्वी कतल्याची बोटुकली कमी करून मृगळीची वाढवली.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा चुलतभावाबरोबर तलावावर गळ टाकायला जातो. पाठवू की नको?
– एक आई, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : ताई, पाठवा, पण पोहता येणारं मोठं माणूस सोबत असेल तरच. चुलतभाऊ सोळा वर्षांचा असेल तर तो मोठा माणूस नाही. सलंगावरून पाणी जात असताना तिथं उभं राहायचं नाही, शेवाळावरून पाय गेला की धार सावरू देत नाही. पाणी उतरल्यावर काठ कोरडा दिसतो, पण वरच्या पापुद्र्याखाली मांडीएवढा गाळ असतो. पोरं तिथं रुततात. आणि वीज. गडगडाट कानावर आला की दांडी खाली ठेवून घरात यायचं, झाडाखाली नाही. कार्बनची लांब दांडी विजेच्या दिवसात हातात धरणं जीवावरचं आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. दामिनी नावाचं सरकारी अ‍ॅप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते तुमच्या फोनवर घ्या. आमच्या मंडळात अठराच्या आतल्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालूनच बसावं लागतं. पोरं लाजतात, पण घालतात.

प्रश्न : गळाला कासव लागलं तर काय करावं?
– एक वाचक, साकोली

उत्तर : ओढून वर लटकवू नका. ओल्या फडक्यात धरा, गळ ओठाला असेल तर पकडीनं काट्याचं टोक दाबून काढा. गिळला असेल तर तंगूस तोंडाजवळ कापा आणि कासव सोडा, ओढाताण केली तर आतडं फाटतं. आपल्या तलावातल्या मऊ पाठीच्या कासवाला वन्यजीव कायद्यात सर्वात वरचं संरक्षण आहे. घरी नेणं तर सोडाच, हौसेनं टाक्यात ठेवणंही गुन्हा आहे. आम्ही सगळे गळ आणले की आधी पकडीनं त्यांचा उलटा काटा चपटा करतो. मासे थोडे जास्त सुटतात, पण कासव आणि पिल्लू दोन्ही न दुखावता निघतात.

प्रश्न : रोहूला कोणतं आमिष चांगलं? आणि मरळीला जिवंत बेडूक लावावा का?
– दोन मित्र, पवनी

उत्तर : रोहूला जवसाची ढेप (पेंड). रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी तेवढीच कणीक आणि मूठभर भाजलेला कोंडा घालून घट्ट मळा. गोळी बोराएवढी, पाण्यात दहा मिनिटं टिकली पाहिजे. टिकत नसेल तर कणीक वाढवा, पाणी नाही. हिवाळ्यात गोळी वाटाण्याएवढी करा. जिवंत बेडूक लावू नका, तो बांधीतले (धानाच्या शेतातले) किडे खातो. रबराचा बेडूक मिळतो, मरळ त्यालाही धरते. पाणवनस्पतीच्या कडेनं सावकाश ओढा, मध्ये थांबवा, आणि झडप बसल्यावर दोन श्वास थांबून मगच झटका द्या.