३.३ आणि ५ व्होल्टची अदलाबदल

मित्रा, एकाच लाइनवर कधी ३.३, कधी ५ व्होल्ट हवेत म्हणून रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) दोन चॅनेलची आउटपुटं थेट जोडू नकोस. ५ व्होल्ट उलटे ३.३ च्या चॅनेलमध्ये शिरतात. मध्ये एकच मॉसफेटही (इलेक्ट्रॉनिक स्विच) पुरत नाही, तो बंद असला तरी त्याच्या आतल्या बॉडी डायोडमधून एका दिशेने करंट जातोच. दोन मॉसफेट पाठीला पाठ लाव, म्हणजे दोघांचे डायोड उलट दिशांना राहतील.

पाचवरून खाली येताना घाई नको. १ मिलिअँपिअर लोडवर आउटपुटवरचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३.३ ला उतरायला सुमारे १७० मिलिसेकंद घेतो. त्याआधी ३.३ चा सेन्सर जोडलास तर गेलाच समज.

लिनियर रेग्युलेटर (जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवणारा) १२ व्होल्टवर चालवणार असशील तर अंबडच्या पत्र्याच्या शेडमधला एप्रिल आठव. २०० मिलिअँपिअरला ३.३ काढताना पावणेदोन वॅट उष्णता! बकच (स्विचिंग रेग्युलेटर) घे, तो कमी तापतो.

आणि लोड एकच असेल, तर दुसरं चॅनेल हवंय कशाला? आउटपुट व्होल्टेज ठरवणाऱ्या फीडबॅकच्या खालच्या रेझिस्टरला समांतर दुसरा रेझिस्टर मॉसफेटने जोड-तोड कर. मॉसफेट बंद असताना ३.३ राहील, असं ठेव.