बोंडाभोवतीची ओळ

खानापूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. परवा दुकानात तीनदा आलास, तीनदा डोकेदुखीच्या गोळ्या नेल्यास, आणि गिऱ्हाईक पांगल्यावर हळूच म्हणालास, "काका, तिथं दाणे आलेत." काउंटरवर बोलणं जमलं नाही, म्हणून लिहितो.

लिंगाच्या बोंडाच्या कडेनं गोल, राजगिऱ्याएवढे, सगळे एकसारखे, ना दुखणारे ना खाजणारे, आणि दोन वर्षं तसेच. हे तू सांगितलंस तसंच असेल तर ते पर्ली पॅप्यूल, म्हणजे निरुपद्रवी दाणे. वयात येताना दिसू लागतात. कुणाकडून लागत नाहीत, कुणाला लागतही नाहीत. साबणानं घासून जात नाहीत, तेव्हा घासणं आधी बंद कर. कातडीखाली रवा सांडल्यासारखे पिवळसर ठिपके दिसले तर त्या तेलाच्या ग्रंथी. त्या ओठांवरही असतात, आरशात बघ. बसस्टँडच्या भिंतीवरचे 'गुप्तरोग'वाले अशाच पोरांवर जगतात.

नवीन उठलेलं, आकारानं कमी-जास्त, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं खरखरीत आणि वाढत जाणारं काही असेल तर ती एचपीव्ही नावाच्या विषाणूची चामखीळ असू शकते. घोळक्यानं आलेले पाण्याचे फोड फुटून झोंबू लागले तर हर्पिस. लघवीला जळजळ आणि पू असेल तर एक दिवसही वाया न घालवता डॉक्टर गाठावा.

पण मला धास्ती आहे ती न दुखणाऱ्या जखमेची. बऱ्याच वर्षांपूर्वी गोव्याच्या रस्त्यावरचा एक ट्रक ड्रायव्हर आला. एकच व्रण, कडा शर्टाच्या बटणासारखी कडक, जांघेत अवधाण म्हणजे सुजलेली गाठ, दुखणं शून्य. मी शहाणपणा करून ट्यूब दिली. महिन्याभरात व्रण भरला, पठ्ठ्या पेढे घेऊन आला. पुढे काही आठवड्यांनी पुन्हा आला तेव्हा तळहातावर तांबूस डाग होते. ती गरमी होती, सिफिलिस. तो व्रण संबंधानंतर साधारण ३ आठवड्यांनी येतो आणि औषधाशिवायही ३ ते ६ आठवड्यांत भरतो. रोग मात्र अंगात राहतो. त्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, ट्यूब नाही. ते पेढे मी खाल्ले होते, अजून आठवतात.

मी औषधविक्या, डॉक्टर नव्हे. बेळगावला जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत एकदा दाखवून ये. बोर्ड कन्नडमध्ये असला तरी मराठीत बोललास तर कुणी हाकलत नाही. कधी निरोधाशिवाय संबंध आला असेल तर लाजू नकोस, तारखेसकट सांग. रक्त तपासायला सांगतील. फार लवकर दिलेलं रक्त कधी खोटा दिलासा देतं, म्हणून पुन्हा बोलावलं तर जा. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ ला फोन फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही.

आणि त्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं आणून दे, पैसे परत देतो.

तुझा,
मेडिकलवाला काका