वहिनींचं बीपी १७०/११०, सीझरला कमरेतून भूल द्यावी की पूर्ण?

तुम्ही लिहिलंय की ३५ वा आठवडा आहे, लघवीतून प्रथिनं जातायत, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कालच्या रिपोर्टमध्ये ९५ हजार, आणि आई म्हणतात, 'मणक्यात सुई नको, कंबर जन्माची धरते, सरळ झोपवा.' मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. प्लेटलेट पुरेशा असतील, वहिनी शुद्धीवर असतील, तर मी कमरेतूनच भूल देईन.

पूर्ण भूल म्हणजे नुसतं झोपवणं नव्हे, श्वासनलिकेत नळी घालावी लागते. या आजारात, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याच्या आजारात), सूज पायांवर थांबत नाही, जिभेला आणि घशालाही येते. भोर-जुन्नरकडून तातडीने पाठवलेली बाई टेबलवर आली की मी आधी तिला जीभ बाहेर काढायला लावते आणि दोन वाक्यं बोलायला सांगते. आवाज घोगरा लागला तर नळी सहज जाणार नाही असं धरूनच तयारी करते. शिवाय नळी घालताना बीपी उसळतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. लॅबेटेलॉल हे बीपी उतरवणारं औषध देऊन आम्ही ते आवरतो, तरी धास्ती राहतेच.

कमरेतून दिल्यावर बीपी एकदम कोसळेल अशी भीती पूर्वी डॉक्टरांनाही होती. पुढच्या अभ्यासांत उलटंच दिसलं: निरोगी गरोदर बाईचं बीपी जितकं घसरतं, त्यापेक्षा या बायकांचं कमी घसरतं. सलाइन मात्र बेतानेच लावतो, नाहीतर फुप्फुसात पाणी साठतं.

खरी अट प्लेटलेटची. साधारण ७० हजारांच्या वर कमरेत सुई देता येते. ५० हजारांखाली बहुतेक भूलतज्ज्ञ देत नाहीत, कारण मणक्यात रक्त साकळून नसा दाबल्या जाऊ शकतात. हेल्प सिंड्रोम (याच आजाराचा गंभीर प्रकार, ज्यात रक्तपेशी फुटतात आणि यकृतालाही इजा होते) असेल तर प्लेटलेटचा आकडा काही तासांत घसरतो, म्हणून कालचा कागद चालणार नाही, आज पुन्हा रक्त तपासायला सांगा. रक्त पातळ करणारं हेपॅरिनचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी दिलं तेही सांगा. झटके येऊन शुद्ध गेली असेल किंवा वार सुटून रक्त गोठेनासं झालं असेल, तर पूर्ण भूलच. तिथे आग्रह धरू नका.

आईंना सांगा, सुई अगदी बारीक असते. चार-आठ दिवस डोकं दुखू शकतं, पण तिच्यामुळे कंबर कायमची धरते असं अभ्यासांत आढळलेलं नाही.

आणि बाळंतपण झालं की बीपीही गेलं असं समजू नका. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते पुन्हा चढतं. घरी १६०/११० दिसलं, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मध्यरात्र असली तरी दवाखान्यात आणा.