प्रश्न तुमचे: सहा-पाचचा सेंटर मिळतोय, घेऊ का?

प्रश्न: सर, आम्ही फोंड्यात बास्केटबॉलची क्लब टीम चालवतो, सगळी नोकरी सांभाळून खेळणारी पोरं. सगळ्यात उंच सहा फूट एक, त्यामुळे रिबाऊंडला, म्हणजे हुकलेला शॉट पकडायला, दरवेळी मार खातो. आता म्हापशाचा एक 22 वर्षांचा मुलगा आमच्याकडून खेळायला तयार आहे, सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा मोठा माणूस, उंची सहा-पाच, पण येण्याजाण्याचा खर्च आणि वर सीझनचं मानधन मागतो. एका मॅचला त्याने 22 पॉइंट केलेले बघितले, अर्धी टीम म्हणते लगेच घ्या. ठरवायचं मला आहे. काय बघू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: आधी ते 22 पॉइंट बाजूला ठेवा. वाईट आहेत असं नाही, पण त्याला गार्ड कोण करत होतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि पाच-दहाचा पोरगा पाठीला असेल तर सहा-पाचवाल्याने हात वर करायचा, बॉल घ्यायचा, टाकायचा, त्यात सेंटर किती हे कळत नाही.

त्याच्या अजून दोन मॅच बघा आणि बॉलकडे बघू नका, फक्त त्याच्याकडे बघा. डोळे आपोआप बॉलमागे धावतात म्हणून मी कुणाला तरी मोबाईलवर फक्त सेंटरचंच शूटिंग करायला सांगतो आणि घरी निवांत बघतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक मुलगा बघितला, शॉट सुटला की बाकीचे सगळे मान वर करून रिंगकडे बघत उभे, हा मात्र आधी मागे वळायचा, पाठीने आपला माणूस शोधायचा, कंबर खाली घालून त्याला अडवायचा आणि मगच वर बघायचा. उडी जेमतेम वीतभर, पण रिबाऊंड त्याचा. आणि त्याला नाही मिळाला तर त्याच्या टीमच्या गार्डला, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणाऱ्याला, मिळायचा, कारण समोरचा मोठा माणूस याच्या पाठीवर अडकलेला, आणि स्कोअरशीटवर याच्या नावापुढे काहीच नाही! तुम्ही रिबाऊंडला मार खाताय ना, मग तुम्हाला हा बॉक्स आऊट पाहिजे, नुसती उंची नको. बेन वॉलेसला अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या 1996 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी घेतलं नव्हतं, सेंटरच्या मानाने बुटकाच, पुढे 4 वेळा एनबीएचा सर्वोत्तम डिफेंडर झाला.

दुसरं म्हणजे त्याचं तोंड चालतं का बघा. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांनी खेळतो, एनबीएसारखा डिफेन्सला तीन सेकंदांचा नियम आपल्याकडे नाही, म्हणजे तुमचा सेंटर डिफेन्सला रिंगखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो आणि तिथून पूर्ण कोर्ट त्यालाच दिसतो. "स्क्रीन डावीकडून", "मी आहे, जा पुढे" हे तो ओरडत नसेल तर तुमचे गार्ड स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या समोरच्या खेळाडूवर, आंधळेपणाने आपटत राहणार. समोरचा गार्ड स्क्रीनवरून वळून अंगावर आला की याचे पाय कसे हलतात तेही बघा, सरकतो की नुसता हात मारतो? हात मारणाऱ्याचे दुसऱ्या क्वार्टरमध्येच 3 फाऊल होतात, पाचव्याला बाहेर, आणि तुम्ही परत सहा-एकवर.

चौथ्या क्वार्टरमध्ये बॉल गेल्यावर तो परत धावतो का? 28 मीटरचा कोर्ट, उंच माणसाला दमवतो, पण चालत येणारा सेंटर म्हणजे चार जणांनी डिफेन्स करायचा.

स्कोअरिंगला मी एवढंच बघेन की कठीण पास हातात राहतो का, आणि डबल टीम आली, म्हणजे दोघे एकदम अंगावर आले, की मोकळा माणूस त्याला दिसतो का. एनबीएचा सेंटर योकिच 2014 च्या ड्राफ्टला 41 व्या नंबरवर गेला होता, उडी नाही, वेग नाही, पण तो पास! पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. फ्री थ्रो मात्र जरूर बघा, सेंटरला फाऊल खूप मिळतात. प्रॅक्टिस संपल्यावर, धाप लागलेली असताना 10 मारायला लावा. शकील ओनीलसारखा नावाजलेला सेंटर फ्री थ्रोला करिअरभर 52.7 टक्क्यांवर राहिला आणि टीम त्याला मुद्दाम फाऊल करायच्या.

गुडघ्याबद्दल सरळ विचारा, लाजू नका. ग्रेग ओडन 2007 ला पहिल्या नंबरवर घेतलेला सेंटर, दुखापतींमुळे एनबीएच्या नियमित सीझनच्या सगळ्या मिळून 105 मॅच खेळला. तुमच्या मुलाला तर सिमेंटच्या कोर्टवर उड्या मारायच्यात आणि रात्री प्रॅक्टिस संपवून म्हापशाला परत जायचंय, पावसात बाइकवरून एकट्याला पाठवू नका हो, गाडीची सोय करा. तो खर्च मागतोय ते मला अजिबात चुकीचं वाटत नाही.

मानधनाचं बोलण्याआधी त्याला दोन संध्याकाळी फोंड्याला बोलवा, खर्च तुमचा, आणि तुमच्या पॉइंट गार्डबरोबर नुसतं पिक अँड रोल खेळवा, म्हणजे सेंटरने स्क्रीन लावायची आणि रिंगकडे वळून पास घ्यायचा. मग गार्डला एकट्याला गाठून विचारा, बाकीच्या टीमचं मत नंतर घ्या, सीझनभर त्याला बॉल द्यायचाय तो गार्डनेच.