ज्युरी नाही, हातोडा नाही. मग अमळनेरच्या कोर्टात थरार आणायचा कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमळनेरला चार वर्षं वकिली करताय, अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रिशम वाचून भारावलात, तशी कोर्टाची कादंबरी मराठीत आणि खान्देशातच घडणारी लिहायची आहे. पण आपल्याकडे ज्युरी नाही, खटला वर्षानुवर्षं तारखांवर चालतो, मग वाचकाला धरून ठेवायचं कशाने? आणि कोर्टाचे तपशील कुठे हमखास चुकतात?

आधी ग्रिशमबद्दल, कारण त्याची नक्कल बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी करतात. हा माणूस मिसिसिपीतल्या साउथहेवन नावाच्या लहान गावात दहाएक वर्षं वकिली करत होता. 1984 मध्ये कोर्टात एका लहान मुलीची साक्ष कानावर पडली, तिथून पहिली कादंबरी सुचली. पहाटे पाचला उठून, काम सुरू व्हायच्या आत लिहीत लिहीत तीन वर्षं लागली. 'अ टाइम टु किल' 1989 मध्ये निघाली ती 5,000 प्रतींची, त्यातल्या 1,000 त्याने स्वतःच विकत घेतल्या. नाव झालं ते 1991 च्या 'द फर्म'ने, आणि गंमत म्हणजे त्या पुस्तकात कोर्टातली भाषणं जवळपास नाहीतच. आहेत ती बिलं, फायली, फोटोकॉपी, कुणी किती तास लावले त्याच्या नोंदी. म्हणजे त्याला वकिलाच्या ऑफिसात कागद कसा फिरतो ते ठाऊक होतं, आणि त्याने ते वापरलं. तुमच्याकडेही तेच भांडवल आहे, फक्त कागद वेगळे आहेत.

म्हणून ज्युरीचं दुःख करू नका. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने 8 विरुद्ध 1 असं निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही म्हणून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं गेलं, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरलीच नाही. अमेरिकेसारखं बारा ज्युरींना रडवणारं शेवटचं भाषण आपल्याकडे लिहाल तर ते नाटक होईल. आपला थरार साक्षीदार बोलतो काय आणि कागदावर उतरतं काय, या दोहोंच्या फटीत असतो. खान्देशात तर ही फट जास्तच रुंद, कारण साक्षीदार अहिराणी बोलतो आणि रेकॉर्ड होतं प्रमाण मराठीत.

एक उदाहरण सविस्तर देतो, हवं तर तेच घ्या. चोपडा तालुक्यात रात्री खून झाला. शेतीपंपाची लाईट रात्रीची, म्हणून मोटर चालू करायला गेलेला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतमजूर, पोलिसांना सांगतो, "तठे कायी गाडी उभी व्हती." आपल्याकडे ळ चा य होतो, कायी म्हणजे काळी, हे तुम्हाला सांगायला नको. पण फौजदार कोकणातून नवा आलेला. तो लिहून घेतो, "त्या ठिकाणी काही गाडी उभी होती." पोलीस जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे सालदाराने तो कागद कधी पाहिलेलाच नाही. जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करण्याची सोय 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात आहे, सक्ती नाही.

आता कोर्ट. सरतपासात तो सांगतो की गाडी काळी होती. आरोपीकडे काळी गाडी आहे. तुमचा नायक आरोपीचा वकील, उलटतपासाला उभा राहतो. रेकॉर्डवर प्रश्न येत नाहीत, न्यायाधीश उत्तरं सलग वाक्यांत सांगतात आणि टायपिस्ट टाइप करतो. ते असं दिसेल: "गाडी काळ्या रंगाची होती असे मी पोलिसांना जबाब देताना सांगितले होते. ते माझ्या जबाबात का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." हे झालं ओमिशन, म्हणजे साक्षीत आलेली गोष्ट पोलीस जबाबात नसणं. पण अर्धंच. ते सिद्ध व्हायचं तर तपासी अंमलदाराच्या तोंडून यावं लागतं: "साक्षीदार क्रमांक 4 याने गाडीचा रंग मला सांगितला नव्हता, हे म्हणणे बरोबर आहे." तपासी अंमलदार शेवटी शेवटी येतो, मध्ये सहा-सहा महिने जातात. अर्धी उघडी राहिलेली ही जखम म्हणजे तुमच्या कादंबरीचा मधला भाग. तेवढ्यात फौजदाराची बदली होते, समन्स परत येतं, सरकारी वकील बदलतात.

आणि खरा पेच इथे आहे. न्यायाधीश बाहेरच्या जिल्ह्यातले. 'काही गाडी' असं मराठीत कुणी म्हणत नाही, म्हणजे मुळात 'कायी' होतं, हे कोर्टात एकट्या तुमच्या नायकाला कळलंय, कारण त्याची आई घरी तेच बोलते. ओमिशन काढणं हा त्याचा हक्कच नव्हे, अशिलाप्रती कर्तव्य आहे. आणि साक्षीदार खरं बोलतोय, हेही त्याला ठाऊक आहे. ग्रिशमच्या पुस्तकांत दरवेळी वकील कात्रीत सापडतो ना, तुमची कात्री ही. उलटतपासात एक प्रश्न जादा विचारला की सगळं उघडं पडेल. "अंधारात काळी गाडी दिसली कशी?" हा प्रश्न विचारायचा मोह त्याला होईल, आणि साक्षीदार म्हणेल, "स्टार्टरच्या पेटीवरचा बल्ब चालू होता." जादा प्रश्नाने केस घालवलेले वकील तुम्ही बाररूममध्ये पाहिलेच असतील.

तारखांचं गणित मांडल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहू नका. गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा की नंतरचा, हे ठरवा. नंतरचा असेल तर खून भारतीय न्याय संहितेचं कलम 103, आधीचा असेल तर जुनं 302. पात्रं बोलताना मात्र अजून "तीनशे दोन" आणि "चारशे वीस"च म्हणतील, ते तसंच ठेवा. कागदावर नवा आकडा, तोंडात जुना. अटकेपासून 24 तासांत आरोपी मॅजिस्ट्रेटपुढे. खुनासारख्या गुन्ह्यात दोषारोपपत्राला 90 दिवस, त्यात पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा. समजा पहिली रिमांड 10 जून 2025. जूनचे 21, जुलैचे 31, ऑगस्टचे 31, म्हणजे 83. नव्वदावा दिवस 7 सप्टेंबर. त्या वर्षी अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, शनिवारी होती. तपासी अंमलदार आदल्या आठवडाभर गणपती बंदोबस्तात, विसर्जन उरकता उरकता पहाट झालेली, सात तारखेला रविवार. सोमवारी आधी फायलिंगला दोषारोपपत्र पोहोचतं की डिफॉल्ट जामिनाचा, म्हणजे मुदतीत दोषारोपपत्र न आल्याने हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा, अर्ज, एवढ्यावर आरोपी आत की बाहेर ते ठरतं. यात पिस्तूल नाही, पाठलाग नाही, पण लिपिकाच्या शिक्क्यावरची वेळ काय पडते यासाठी वाचक पान उलटेल.

पंचनाम्यात तर खजिना आहे. आरोपीने पोलीस कोठडीत "कोयता काढून देतो" असं निवेदन केलं, की आधी मेमोरँडम पंचनामा आणि मग जप्ती पंचनामा. पोलिसांसमोरच्या कबुलीला किंमत शून्य, पण त्यातून जी वस्तू सापडली तेवढ्यापुरता भाग पुराव्यात येतो. केस इथे कशी ढिली पडते? पंच नेहमीचेच, ठाण्यासमोरच्या टपरीवाले, दहा केसेसमध्ये तेच. कोयता सापडला ती जागा सगळ्यांना येण्याजाण्यासारखी. मुद्देमालाच्या लेबलवर पंचांच्या सह्या आहेत पण लाखेच्या सीलचा उल्लेख नाही. मुद्देमाल नाशिकच्या प्रयोगशाळेत घेऊन गेलेला शिपाई तपासलाच नाही, आणि जप्ती ते रवानगी या मधल्या बारा दिवसांत तो कुठे होता याची मुद्देमाल रजिस्टरला नोंद नाही. वर आता झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण बंधनकारक झालंय, तेव्हा ते नसेल तर का नाही, आणि असेल तर त्यात मागे कोण उभं दिसतं, असे दोन्ही धागे मिळतात. सीसीटीव्हीची क्लिप किंवा मोबाईलचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, आणलेत तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, भाग अ आणि भाग ब, हॅश व्हॅल्यूसह (फाईलचा डिजिटल ठसा), विसरू नका. बऱ्याच कादंबऱ्यांत नायक पेनड्राइव्ह उंच धरतो आणि खटला जिंकतो. आपल्या कोर्टात तो पेनड्राइव्ह पुरावा म्हणून निशाणीलाही लागणार नाही.

आता हमखास चुकणाऱ्या गोष्टी. हातोडा नाही, कुठल्याच भारतीय कोर्टात नाही. गीतेवर हात नाही. शपथ तोंडी, ईश्वरासमक्ष किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर. अमळनेरला "मायलॉर्ड" कुणी म्हणत नाही, "साहेब" नाहीतर "सर". मे महिन्यात जिल्हा कोर्टात काळ्या कोटाची सक्ती नसते, त्यामुळे 44 अंशांत नायकाला कोटात घामाघूम करायचं तर तो हौसेने घातलाय असं दाखवा. आयत्या वेळी दार उघडून आलेला सरकारी साक्षीदार चालणार नाही, नावं दोषारोपपत्रात असतात. नवा आणायचा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 348 खाली अर्ज, त्यावर बचावाचं म्हणणं, मग आदेश. बचावाला मात्र आपला साक्षीदार आधी सांगायची सक्ती नाही, धक्का द्यायचा तर तिकडून द्या. पंच फितूर झाला तर कुणी ओरडत नाही. सरकारी वकील शांतपणे उलटतपासाची परवानगी मागतात, पंच "सही माझीच आहे, मजकूर माहीत नाही" म्हणतो आणि पुढचा पुकारा होतो. ही थंड तऱ्हाच अंगावर येते.

सगळ्यात मोठी चूक आरोपीच्या बाबतीत होते. अमेरिकन कादंबरीत आरोपी कठड्यात उभा राहून साक्ष देतो की नाही, हा मोठा प्रश्न असतो. आपल्याकडे त्याने स्वतः लेखी मागणी केली तरच त्याची साक्ष होते, आणि ती क्वचित. त्याऐवजी त्याच संहितेच्या कलम 351 चा जबाब असतो, पूर्वीचा 313: शपथ नाही, उलटतपास नाही. न्यायाधीश एकेक पुरावा सांगतात, आरोपी म्हणतो "खोटे आहे", "मला माहीत नाही", पन्नास-साठ वेळा. शेवटी "आणखी काही सांगायचे आहे काय?" याला वकिलाने पढवलेलं उत्तर असतं, "मी निर्दोष आहे, मला खोटे गुंतवले आहे." तुमच्या आरोपीने त्या एका प्रश्नाला पढवलेलं सोडून दुसरं काही म्हटलं, तर ज्युरीपुढच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठा स्फोट होईल. मी तरी कळस तिथे ठेवीन.

खुनाशिवाय चालणार असेल तर पतसंस्था आणि केळीचे चेक हे दोन विषय पडूनच आहेत. चेक न वटल्याच्या केसमध्ये बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. फिर्यादीचा उशीर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. व्यापाऱ्याने "पुन्हा भरून पाहा" म्हणत शेतकऱ्याला कसं झुलवलं, यावर अर्धी कादंबरी उभी राहील. नंदुरबारकडे वळलात तर आदिवासी जमिनीचं हस्तांतर, जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ आणि फेरफाराचं रजिस्टर आहेच.

स्वतःच्या अशिलाची केस मात्र घेऊ नका. नाव-गाव बदलूनही नाही. वकीलपत्र संपलं तरी गोपनीयतेचं बंधन संपत नाही, आणि तालुक्याच्या गावात नाव बदललेला माणूस दोन दिवसांत ओळखला जातो. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख पटेल असं काही छापणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. प्रलंबित खटल्यांना हात लावू नका. निकाली प्रकरणांचे निकाल ई-कोर्ट्सवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकून वाचता येतात. तीन-चार वेगवेगळ्या निकालांतला एकेक दुवा उचलून नवीन साखळी करा. परिस्थितिजन्य पुराव्यासाठी सुप्रीम कोर्टाने शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात 1984 मध्ये सांगितलेली पाच तत्त्वं भिंतीवर लावा आणि पाचांपैकी नेमका कुठला दुवा तुटणार, ते आधी ठरवा. ग्रिशमही शेवट ठाऊक असल्याशिवाय सुरुवात लिहीत नाही. वेळ नाही ही सबब अमेरिकन कादंबरीकार स्कॉट टुरोनेही दिली नाही. सरकारी वकील असताना शिकागोच्या लोकलमध्ये बसून त्याने पहिली कादंबरी लिहिली. अमळनेर-जळगाव अप-डाऊन करत असाल तर जागा तुमच्याकडेही आहे.

अहिराणी फक्त संवादात, आणि वाक्यं आखूड. तळटीप देऊ नका, पुढच्याच वाक्यात अर्थ लागेल अशी रचना करा. सालदाराचा तो पोलीस जबाब तिसाव्या पानाच्या आसपास पूर्ण छापा, 'काही गाडी' सकट, आणि त्याबद्दल अवाक्षर बोलू नका. वाचक त्यावरून पुढे जाईल, मग दीडशे पानांनी मागे येऊन ते वाक्य शोधेल. फक्त हस्तलिखित देतानाच मुद्रितशोधकाला सांगून ठेवा, नाहीतर तो चूक समजून 'काही'चं 'एक' करून टाकील.